लज्जापिंड ते किल्लारी : दानाची एक परंपरा

श्रावकाच्या नित्य षट्कर्मांत दानाचा समावेश आहे. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान हे त्याचे चार प्रकार पाठशाळेतील बालकांनाही मुखोद्गत असतात. परंतु दानधर्माची खरी कसोटी लागते ती दुष्काळ, भूकंप अथवा परागंदा होण्याच्या प्रसंगी. कालपर्यंत स्वतःच्या घरी पाहुण्याला जेवू घालणारा माणूस आज दुसऱ्याच्या दारी उभा असतो. त्याला अन्न तर द्यावयाचे, पण त्याची मान खाली जाऊ द्यावयाची नाही, हे कसे साधावे?

या प्रश्नाचे एक प्राचीन उत्तर कच्छमधील भद्रेश्वर येथे सापडते. तेथील जैन व्यापारी जगडूशाह यांचे चरित्र सर्वानंदसूरी यांनी ‘जगडूचरित’ या संस्कृत काव्यात वर्णिले आहे. इ. स. १२५६ च्या सुमारास पश्चिम भारतात सलग तीन वर्षांचा भीषण दुष्काळ पडला. आचार्य परमदेवसूरी यांनी त्याची पूर्वसूचना दिल्यामुळे जगडूशाहांनी धान्याची कोठारे आधीच भरून ठेवली होती. गुजरातचा राजा वीसलदेव याने धान्याची मागणी केली, तेव्हा हे धान्य आपले नसून गरिबांचे आहे, असे सांगून त्यांनी कोठारातील ताम्रपट पुढे केला. आणि मग राजालाही धान्य दिले. त्यांनी ११२ दानशाळा उघडल्या, असे हे काव्य सांगते. काव्यात थोडी अतिशयोक्ती असेलही. तथापि त्यातील एक तपशील विसरता येत नाही. जे कुलीन लोक लाजेस्तव दानशाळेत येत नसत, त्यांच्यासाठी लाडवांत नाणी लपवून ते पाठविले जात. त्यांना ‘लज्जापिंड’ म्हणत. घेणाऱ्याची लाज राखणे हा दानाचाच भाग आहे, हे त्या व्यापाऱ्याने जाणले होते.

त्यानंतर सात शतकांहून अधिक काळ लोटला. २९ सप्टेंबर १९९३ हा अनंत चतुर्दशीचा दिवस. गावोगावी गणेशविसर्जन पार पडले होते, दिगंबर समाजाच्या दशलक्षण पर्वाची सांगता झाली होती. त्याच रात्री, ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास, लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत किल्लारी परिसराला भूकंपाचा हादरा बसला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदाची जड छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. सर्वाधिक हानी झालेल्या गावांची संख्या ५२ होती.

मदतीचा ओघ सुरू झाला. धान्य आले, कपडे आले, औषधे आली. पण ज्यांचे आईवडील ढिगाऱ्याखाली गेले, त्या मुलांचे काय? भारतीय जैन संघटनेचे संस्थापक श्री. शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १२०० मुलांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी स्वीकारून त्यांना पुण्यास आणले. पुढे वाघोली येथे त्यांच्यासाठी शैक्षणिक पुनर्वसन प्रकल्प उभा राहिला. आहारदान काही दिवसांचे असते. येथे शास्त्रदान आणि अभयदान वर्षानुवर्षे चालू राहिले. नंतरच्या काळात मेळघाटातील आदिवासी मुले आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलेही याच वास्तूत शिकली.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरला. ज्या भद्रेश्वरात जगडूशाहांची कोठारे होती, तेथील प्राचीन जिनमंदिरही कोसळले. ते पुढे नव्याने बांधण्यात आले. संघटनेने या वेळीही मुलांचाच विचार प्रथम केला आणि भूकंपग्रस्त भागात ३६८ शाळांच्या इमारती उभारल्या.

भूकंपग्रस्ताचे गाव तरी ठाऊक असते. स्थलांतरित मजुराची नोंद मात्र ना या गावी असते, ना त्या गावी नीट. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा याचे दर्शन घडले. मजूर शहरात आणि शिधापत्रिका गावी, अशी अनेकांची स्थिती होती. कष्टाची भाकरी खाणाऱ्यांना अन्नछत्राच्या रांगेत उभे राहावे लागले. कित्येक जण शेकडो मैलांवरच्या घराकडे पायी निघाले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रेल्वेरुळांवर थकून झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली मरण पावले. जालन्याहून निघून ते मध्य प्रदेशातील आपल्या गावी जाणार होते. रुळांवर त्यांच्या शिदोरीतील पोळ्या विखुरल्या होत्या. त्यांच्याजवळ अन्न होते. नव्हते ते अभय.

महाराष्ट्रातील कित्येक जैन कुटुंबांचे पूर्वज मारवाड, गुजरात, कच्छ येथून लोटा-दोरी घेऊन या भूमीत आले. कोणीतरी ओसरीवर जागा दिली, कोणीतरी उधारीवर माल दिला, तेव्हा त्यांचे पाय येथे रोवले गेले. परमुलखातून आलेल्या मजुराला आधार देणे हे म्हणून उपकार नव्हे, तर पूर्वजांनी घेतलेल्या ऋणाची फेड होय.

सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी कोणत्याही न्यासाच्या वहीत दानाचे आकडे अभिमानाने वाचले जातात, आणि ते योग्यच आहे. त्या आकड्यांशेजारी आणखी दोन नोंदी असाव्यात : आपत्ती ओसरल्यानंतर आपण किती काळ थांबलो, आणि घेणारा ताठ मानेने परतला का? जगडूशाहांच्या लाडवांत नाण्यांबरोबर हाच विचार दडलेला होता.