सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही

१९९५ सालच्या जुलैमधली एक सकाळ. मी तेव्हा नववीत होतो. आजोबांना डोळ्यांच्या तपासणीसाठी तालुक्याच्या गावी न्यायचे होते. आमची पेट्रोलवर चालणारी गाडी वयाने माझ्यापेक्षा मोठी होती आणि रात्रभर पावसात उभी होती. वडिलांनी सेल्फ मारला. इंजिन घरघर फिरले, पण सुरू झाले नाही. त्यांनी चोक ओढून पाहिला, सोडून पाहिला. प्लग पुसले, पॉइंट पॉलिश पेपरने घासले, कार्ब्युरेटरवर पान्याने हलकेच ठोकले. प्रत्येक उपायानंतर पुन्हा सेल्फ! अर्ध्या तासात बॅटरीच उतरली.

शेवटी मिस्त्रींना बोलावले. ते म्हणाले, "फिरत होती ना? मग करंट नाही, नाहीतर पेट्रोल नाही." त्यांनी एक प्लग काढून हुंगला. तो पेट्रोलने ओला होता, म्हणजे पेट्रोल पोहोचत होते. मग कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत येणारी मधली वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या धातूजवळ धरले आणि वडिलांना हँडल मारायला सांगितले. "अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीत घेऊ नका," हेही बजावले. निळी ठिणगी चटकन उडाली. नंतर मधली वायर जागेवर बसवून हीच परीक्षा प्लगच्या वायरवर केली. तेथे ठिणगी नव्हती. दोष या दोन जागांच्या मध्येच असणार. मध्ये होती फक्त डिस्ट्रिब्युटरची टोपी. ती उघडली, तर आतून दमटलेली. कोरड्या फडक्याने पुसून बसवली आणि दुसऱ्या हँडलला इंजिन सुरू झाले.

आम्ही पोहोचलो तेव्हा आजोबांचा नंबर निघून गेला होता. पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली. तोपर्यंत त्यांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले.

मिस्त्रींनी नवा सुटा भाग एकही घातला नाही. वडिलांनी पाच-सहा गोष्टी केल्या, पण त्यांतल्या एकीनेही दोष कोठे आहे हे कळले नसते. हा फरक माझ्या ध्यानात यायला पुढे प्रयोगशाळेत काही वर्षे घालवावी लागली. मात्र मिस्त्रींच्या त्या दोन प्रश्नांमागे मोठा इतिहास आहे. तो आज पाहू या.

पेट्रोल इंजिनाला सुरू होण्यासाठी चार गोष्टी लागतात: हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, त्या मिश्रणाचे संपीडन, ठिणगी आणि त्या ठिणगीची अचूक वेळ. यांपैकी ठिणगीने संशोधकांना फार छळले. १८६० साली एतियेन लन्वार या संशोधकाने आपल्या गॅस इंजिनात विजेची ठिणगी वापरली, पण त्या काळी बॅटरी आणि कॉइल दोन्ही भरवशाच्या नव्हत्या. म्हणून १८७६ मध्ये निकोलाउस ऑटोने चार फेरांचे इंजिन बनवले तेव्हा पेटवण्यासाठी सरळ ज्योत वापरली. डाइमलरने तापवून लाल केलेली नळी वापरली. कार्ल बेंझने मात्र १८८६ साली पेटंट घेतलेल्या आपल्या तीनचाकी गाडीसाठी बॅटरी व कॉइल यांचाच आधार घेतला.

ऑगस्ट १८८८ मध्ये बेंझची पत्नी बेर्टा आपल्या दोन मुलांना घेऊन, पतीला न सांगता, या गाडीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली. अंतर सुमारे १०० किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीच्या वायरचे आवरण झिजले, तेथे मोज्याचा बंद गुंडाळला, असे सांगतात. मोटारीच्या त्या पहिल्या लांब प्रवासातले हे दोन बिघाड पाहा. एक पेट्रोलचा, दुसरा करंटचा. मिस्त्रींचे दोन्ही प्रश्न तेव्हाच रस्त्यावर उभे राहिले होते!

पुढे बॅटरीला पर्याय म्हणून मॅग्नेटो आला. यात चुंबकीय क्षेत्र आणि गुंडाळी यांच्या सापेक्ष गतीने वीज निर्माण होते. फॅरडेने १८३१ साली दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. रोबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड या अभियंत्याने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग तयार केला. बॅटरीची गरज संपली, पण एक अडचण राहिली. मॅग्नेटोची ठिणगी वेगावर अवलंबून असते आणि हँडलने इंजिन हळूच फिरते. ज्या क्षणी ठिणगीची सर्वांत जास्त गरज, त्याच क्षणी ती सर्वांत दुबळी!

शिवाय हँडल धोक्याचे होते. दट्ट्या वर पोहोचण्याच्या फार आधी ठिणगी पडली, तर स्फोट त्याला उलट ढकलतो आणि हँडल झटक्याने मागे फिरते. अशा झटक्यांनी अनेकांची मनगटे मोडली. अंगठा मुठीबाहेर ठेवण्याची सूचना त्या अनुभवातून आली, आणि ती आमच्या अंगणापर्यंत पोहोचली.

या दोन्ही अडचणींवर अमेरिकेतील डेटन शहरातल्या चार्ल्स केटरिंगने उपाय शोधला. १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांसाठी त्याने बॅटरीवर चालणारी सुधारित ठिणगीव्यवस्था दिली. कॉइलमध्ये कमी वेढ्यांची एक आणि खूप जास्त वेढ्यांची दुसरी गुंडाळी असते. पहिलीतून प्रवाह वाहत असताना 'पॉइंट' उघडतात, प्रवाह एकदम तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट निर्माण होतात. पॉइंटशेजारचा कंडेन्सर पॉइंटवर उडणारी ठिणगी रोखतो, त्यामुळे प्रवाह झटकन तुटतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर ही क्रिया सेकंदाला १०० वेळा घडते.

केटरिंगने यापूर्वी दुकानातील गल्ल्याच्या यंत्रासाठी विजेची मोटर बनवली होती. छोटी मोटर थोडा वेळ पेलवेल त्याहून जास्त भार ओढू शकते, हे त्याला तेथे कळले होते. इंजिन फिरवायचे असते तेही काही सेकंदच. या विचारातून विजेचा स्टार्टर, म्हणजे आपला सेल्फ, तयार झाला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसवला गेला.

येथे एक बारीकशी पण महत्त्वाची गोष्ट घडली. तोपर्यंत 'फिरवणे' आणि 'पेटवणे' ही दोन कामे माणसाच्या हाताने जोडलेली होती. गाडी सुरू झाली नाही, तर दोष हँडल मारणाऱ्याच्या जोराचा की यंत्राचा, हे सांगणे कठीण. सेल्फने ही कामे वेगळी केली. इंजिन जोमाने फिरते आहे, म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर यांची साक्ष मिळाली. आता उरले करंट, पेट्रोल आणि क्वचित संपीडन किंवा वेळ.

पण ही साक्ष पूर्ण विश्वासाची नाही. सेल्फ १०० अँपिअरहून अधिक प्रवाह खेचतो. अशक्त बॅटरीचा दाब तेव्हा १२ व्होल्टवरून बराच खाली येतो आणि इंजिन फिरत असूनही ठिणगी दुबळी पडते. उलट कॉइलला तीन-चार अँपिअर पुरतात. म्हणूनच सेल्फ न फिरवू शकणाऱ्या आमच्या बॅटरीवर, हँडल मारल्यावर मात्र ठिणगी मिळाली. आणि 'पेट्रोल ओव्हर होणे' म्हणजे काय? मिश्रणात वजनाने पेट्रोलच्या सुमारे १५ पट हवा असावी लागते. पेट्रोल फार जास्त झाले, तर ठिणगी असूनही ते पेटत नाही. सतत सेल्फ मारल्याने असा दुसरा दोष आपणच निर्माण करतो.

पॉइंटची जागा पुढे इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी आणि कार्ब्युरेटरची इंधन फवारणीने घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या टॅक्सीसेवेतून निवृत्त झाली. आजच्या गाडीत संगणक आपले दोष सांकेतिक क्रमांकांत सांगतो. तरी तो क्रमांक वाचणाऱ्याला ठिणगी, इंधन, संपीडन आणि वेळ यांचाच विचार करावा लागतो.

शिक्षकांना हा धडा वर्गात गाडीशिवाय घेता येईल. (उच्च दाबाची वायर आणि पेट्रोलची वाफ यांच्याजवळ मुलांना कधीही जाऊ देऊ नये.) एक सेल, एक कळ, एक छोटा दिवा आणि चार वायरी घ्या. मुलांच्या नकळत त्यांतील एक वायर आतून तोडलेली ठेवा. प्रत्येक वायर बदलून पाहण्याआधी मुलांनी कागदावर लिहावे: ही तपासणी केल्यावर, दिवा लागला तर मला काय कळेल आणि न लागला तर काय कळेल? दोन्ही रकान्यांत एकच उत्तर येत असेल, तर ती तपासणी करू नये. वडिलांच्या त्या अर्ध्या तासातील बहुतेक उपाय या कसोटीवर गळाले असते, आणि निदान बॅटरी तरी वाचली असती.