जास्वंदीच्या कुंपणावरील पिठ्या ढेकूण

जास्वंदीच्या कुंपणावरील प्रमुख रसशोषक कीड (मॅकोनेलिकॉकस हिर्सुटस). शरीर गुलाबी, वर पांढरे मेणचट आवरण. तिच्या लाळेतील विषारी द्रव्याने कोवळी पाने चुरडतात, पेरी आखूड राहतात व शेंड्याला गुच्छ येतो. हा गुच्छ पुष्कळदा विषाणुरोग समजला जातो. तो उकलून पाहावा, आत कापसासारखे पुंजके दिसतात. किडीच्या गोड, चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते. त्याच स्रावासाठी मुंग्या किडीचे शत्रूंपासून रक्षण करतात. म्हणून मुंग्यांचा बंदोबस्त आधी करावा.

ग्रस्त शेंडे छाटून लगेच नष्ट करावेत, कुंपणाखाली पडू देऊ नयेत. नंतर ५ टक्के निंबोळी अर्क पानांच्या खालच्या बाजूसही फवारावा.

ऑस्ट्रेलियातून १८९८ मध्ये भारतात आणलेला क्रिप्टोलीमस मॉन्ट्रोझिएरी हा भुंगेरा या किडीचा मोठा भक्षक आहे. त्याची अळीही पांढऱ्या मेणतंतूंनी झाकलेली असते आणि कीड समजून नाहक मारली जाते. ही अळी आकाराने मोठी व चपळ असते. पिठ्या ढेकूण बहुधा जागीच चिकटून राहतो. फवारणीपूर्वी हा फरक पाहणे अत्यावश्यक आहे. भुंगेरे सोडल्यावर रासायनिक कीटकनाशक वापरू नये.