हंपीच्या शिळा कोणी रचल्या?

इ. स. १५२० च्या सुमारास दोमिंगो पायश हा पोर्तुगीज प्रवासी विजयनगरात आला. शहराचे वैभव त्याने सविस्तर लिहिले. पण भोवतीच्या डोंगरांनीही तो चकित झाला. शिळेवर शिळा अशी टेकलेली, की जणू प्रत्येक शिळा अधांतरी आहे, अशा आशयाचे वर्णन त्याने करून ठेवले आहे.

हे वर्णन महत्त्वाचे आहे. हंपीतील शिळांचे ढीग म्हणजे १५६५ च्या विध्वंसाचा ढिगारा, असा समज पुष्कळदा आढळतो. पायशने ते त्याच्या सुमारे ४५ वर्षे आधी पाहिले होते. परिसराला किष्किंधा मानणारी लोकपरंपरा या शिळांचे श्रेय वानरांना देते, आणि ते उत्तर मोहक आहे खरे. भूशास्त्राचे उत्तर मात्र असे, की या शिळा कोणी रचलेल्याच नाहीत. त्या उरलेल्या आहेत.

येथील ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात खोलवर थिजला. वरचे थर झिजत गेले, दाब उतरला आणि खडकाला उभ्याआडव्या भेगा पडल्या. भेगांतून पाणी मुरले. त्याने फेल्डस्पारची माती केली. क्वार्ट्झचे कण मात्र वाळू होऊन राहिले. चौकोनी ठोकळ्याच्या कोपऱ्यावर पाणी तीन बाजूंनी चाल करते, सपाट पृष्ठभागावर एकाच. म्हणून कोपरे आधी गेले आणि ठोकळे जमिनीखालीच गोलाकार झाले. पुढे पावसाने आणि ओढ्यांनी भोवतालचा मुरूम वाहून नेला. टणक गाभे जागच्या जागी, एकमेकांवर टेकून राहिले.

सह्याद्रीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बेसॉल्टला सरावलेल्या आपल्या डोळ्यांना हे दृश्य म्हणूनच परके वाटते.

विजयनगरच्या पाथरवटांना हा खडक नेमका उमगला होता. तटबंदी त्यांनी शिळांच्या टेकड्यांना जोडून घेतली. निसर्गाने अर्धी भिंत आधीच उभी केली होती. कृष्णदेवरायाच्या काळात, १५२८ मध्ये, सुमारे ६.७ मीटर उंचीचा नरसिंह जागेवरच एका अखंड शिळेतून कोरला गेला. बांधकामासाठी दगड हवा असेल तेव्हा शिळेवर ओळीने भोके पाडून त्यांत पाचरी ठोकत; पाण्याला युगे लागली ती भेग अशी माणसाच्या हातून पडे.

त्या भोकांच्या ओळी आजही जागोजाग दिसतात. काही शिळा भोके पाडूनही फोडायच्या राहून गेल्या. पावसाळ्यात त्या भोकांत पाणी साचते.