दोन स्क्रूंचा इतिहास

सरकारी नोकरीत ज्यांनी परप्रांतांतील जिल्ह्यांतून दौरे केले आहेत, त्यांस रात्रीचा रस्ता ठाऊक आहे. समोरून मोटार येते, तिचा झोत डोळ्यांवर पडतो आणि क्षणभर रस्ता, झाडे, माणसे सारीच नाहीशी होतात. आपण समोरच्या चालकाला दोष देऊन मोकळे होतो. परंतु कित्येकदा त्याने बिचाऱ्याने दिवा डिपरवर घेतलेला असतो. आटे झिजलेले असतात ते दिव्यामागच्या एका स्क्रूचे.

मोटारीचा इतिहास सांगणारे इंजिनाचे पोवाडे गातात. दिव्याच्या वाट्याला एखादी ओळ येते. आरंभी प्रश्न होता तो उजेड मिळवण्याचा. रॉकेलचे दिवे मिणमिणत. पुढे कार्बाइडवर पाणी ठिबकवून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूचे दिवे आले. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर व विजेचे दिवे एकत्र आले आणि उजेडाची चणचण मिटू लागली. तेव्हा दुसरा प्रश्न उभा राहिला : हा उजेड आवरावा कसा? १९२० नंतरच्या दशकात एका बल्बमध्ये दोन तारा बसवण्याची युक्ती निघाली. एक दूरवर पाहण्यासाठी, दुसरी समोरच्याला वाट देताना झोत खाली आणण्यासाठी. इंग्लंडातील काही मोटारींत विजेच्या चुंबकाने परावर्तकच कलता करीत. १९४० सालच्या अमेरिकन मोटारींना ७ इंची सीलबंद गोल दिवा लागला. काच, परावर्तक आणि तार यांचा तो एकजीव संच होता.

आपल्याकडील ॲम्बॅसॅडरचा दिवाही ७ इंचीच. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेली ही मोटार १९५७ साली अवतरली आणि कलकत्त्याजवळील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत राहिली. आमच्यापैकी किती जणांच्या दौऱ्यांची ती साक्षीदार आहे!

अशा जुन्या गोल दिव्याची बाहेरची कडी काढली, की जुळवणीचे स्क्रू दिसतात. वरचा स्क्रू झोत वर-खाली करतो, बाजूचा डावी-उजवीकडे नेतो. स्प्रिंगा दिव्याला ताणून धरतात. मडगार्डाखालून उडणारा चिखल व ओल यांनी स्क्रू गंजतो, चाकीचे आटे जातात, स्प्रिंग सैल पडते आणि दिवा खड्ड्यागणिक डुलू लागतो.

या डुलण्याची किंमत गणिताने कळते. ७ इंची दिव्याची एक कड सुमारे ३ मिलिमीटर सरकली, तर झोत जवळजवळ १ अंशाने कलतो. आणि १०० मीटरवर तो पावणेदोन मीटर उचलला जातो. रस्त्यावर पडावयाचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जाण्यास एवढे पुरे आहे.

यावर रबराचा तुकडा किंवा पुठ्ठ्याची घडी खोचून काम भागवण्याची चाल जुनी आहे. ती दुरुस्ती नव्हे. गंजलेल्या स्क्रूवर गंज सोडवणारे तेल घालून त्यास रात्रभर मुरू द्यावे. मग जोर न करता थोडा पुढे, थोडा मागे असा फिरवावा. घाई केली तर डोक्याची खाच जाते आणि पाव तासाच्या कामाला दिवस लागतो. झिजलेला स्क्रू व चाकी जोडीनेच बदलावी. थकलेली स्प्रिंग नवी घालावी. पत्र्याचे भोक फाटले असेल तर आधी पत्रा सांधावा. शेवटी आट्यांना ग्रीस लावावे.

मग मोटार सपाट जागी भिंतीसमोर २५ फुटांवर उभी करावी, टायरांत हवा योग्य असावी. दिव्यांच्या मध्याच्या उंचीवर खडूने रेघ ओढून डिपरचा तेजस्वी भाग तिच्या खाली आणावा. येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. आपण डावीकडून चालतो. उजवीकडून चालणाऱ्या देशासाठी घडवलेली काच बसवली, तर तिचा झोत समोरच्याकडेच झुकतो. तो दोष कोणत्याही स्क्रूने जात नाही.

जुन्या मोटारी हौसेने जपणारे रंग चकचकीत करतात, चाकांच्या टोप्या उजळतात. त्या हौसेचे आम्ही कौतुकच करतो. परंतु रात्री समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला त्या रंगाचे सुख नसते. त्याला वाट दिसते की नाही, हे कडीआडचे दोन स्क्रू ठरवतात. तेव्हा पुढच्या रविवारी मोटार पुसावयास काढाल, तेव्हा कडी सोडवून त्यांची विचारपूस अवश्य करावी.