मतदारयादीतील निनावी स्त्रिया

निवडणूक म्हटली की सभा, मिरवणुका आणि मतपेट्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. मतदानाचा खरा आरंभ मात्र मतदारयादीपाशी होतो. स्वतंत्र भारताची पहिली यादी कशी तयार झाली, हे आज थोडक्यात पाहू.

संविधान पुरे होण्यापूर्वीच, १९४८ साली, संविधानसभेच्या सचिवालयाने हे काम हाती घेतले. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषाचे नाव घरोघर जाऊन लिहावयाचे होते. फाळणीने देशोधडीला लागलेल्या निर्वासितांपाशी वास्तव्याचा पुरावा कोठून असणार? तेव्हा येथेच कायम राहण्याचा आपला इरादा आहे, एवढे त्यांचे निवेदन पुरेसे मानण्यात आले. अखेरीस यादीत सतरा कोटींहून अधिक नावे झाली.

परंतु एक अडचण अनपेक्षित होती. दारी आलेल्या परक्या पुरुषाला स्वतःचे नाव सांगणे हे अनेक घरांतील स्त्रियांना मर्यादेचा भंग वाटे. मग नावाच्या जागी 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' असेच लिहिले जाई. ही प्रकरणे मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि मध्य भारत या राज्यांतील होती. ग्वाल्हेर व इंदूर ही आपली जुनी मराठी वस्तीची शहरे त्या वेळी मध्य भारतातच होती, म्हणून ही हकिकत आपल्याला परकी नाही. आपल्याकडेही पतीचे नाव घ्यावयाचे ते उखाण्यातून. आणि पुष्कळ घरांत विवाहाच्या दिवशी वधूचे माहेरचे नावच बदलले जाई. घरात एक नाव, माहेरी दुसरे. मग यादीत कोणते लिहावे?

या नोंदींना पूर्वीच्या कायद्याचाही काही आधार होता, हे विसरता कामा नये. १९३५ च्या कायद्यान्वये ब्रिटिश प्रांतांत मताधिकार मालमत्ता, कर व शिक्षण यांवर अवलंबून असे आणि काही स्त्रियांना तो पात्र पुरुषाची पत्नी अथवा विधवा म्हणूनच मिळे. म्हणजे 'अमक्याची पत्नी' हीच तेथे पात्रता होती! संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने हे नाते तोडले. मत आता तिचे स्वतःचे झाले, आणि म्हणूनच नावही तिचे स्वतःचे हवे झाले.

१९५० मध्ये नेमले गेलेले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी त्याप्रमाणे नावे दुरुस्त करण्यास सांगितले. बिहारला त्यासाठी एक महिना अधिक देण्यात आला. तरीही सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ अठ्ठावीस लाखांची नावे शेवटी गाळावी लागली. या निर्णयाविरुद्ध बराच गदारोळ झाला. तो इष्टच आहे, त्यामुळे पुढील निवडणुकीपर्यंत हा संकोच नाहीसा होईल, असे सेन यांचे मत होते. निर्णय कठोर होता, यात शंका नाही. १९५१-५२ च्या त्या मतदानाचा हक्क या स्त्रियांना कायमचा अंतरला. पण निनावी नोंद ठेवली असती, तर तिच्या आधारे केंद्रावर कोणीही उभी राहू शकली असती, हेही तितकेच खरे.

पुढे १९८९ पासून वयाची अट अठरा वर्षांवर आली. आता वर्षातून चार तारखा पात्रतेसाठी धरल्या जातात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. नव्या मतदाराने नमुना ६ भरावयाचा, तर नाव-पत्त्यातील बदलासाठी नमुना ८. विवाहानंतर सासरी गेलेल्या मुलीचे नाव माहेरच्याच यादीत राहून जाते, याकडे घरच्या मंडळींनी वेळीच लक्ष द्यावे. मतदानाच्या दिवशी नोंद शोधत बसण्यात अर्थ नसतो. केंद्रात गेल्यावर पहिला अधिकारी मतदाराचे नाव व अनुक्रमांक सर्वांना ऐकू जाईल असा मोठ्याने उच्चारतो. शाई त्यानंतर बोटाला लागते.