अनुकरण आणि अध्ययन : एका भेदाचा इतिहास

मूल पाहून शिकते, ही गोष्ट इतक्या सामान्य अनुभवाची आहे की तिला शास्त्रीय सिद्धतेची गरज असेल असे प्रथमदर्शनी वाटत नाही. तथापि प्रायोगिक मानसशास्त्रात या अनुभवास पूर्ण मान्यता मिळण्यास अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला. या विलंबाचे कारण ‘शिकणे’ कशास म्हणावे, याविषयीच्या एका गृहीतात शोधावे लागते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांनी १८९० साली अनुकरणास समाजजीवनाचे मूलतत्त्व मानले होते; परंतु त्यांचे विवेचन प्रयोगावर आधारलेले नव्हते. पुढे १८९८ साली अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी हा प्रश्न प्राण्यांवरील प्रयोगांनी तपासला. बंद पेटीतून एक मांजर बाहेर पडताना दुसऱ्याने पाहिले, तरी पाहणाऱ्याला ती युक्ती साधत नाही, असे त्यांना आढळले. प्राणी प्रयत्न-प्रमादानेच शिकतो, हा त्यांचा निष्कर्ष होय. वर्तनवादाच्या उदयानंतर, स्वतः केलेली कृती व तिचे फळ यांवाचून अध्ययन नाही, हा विचार अधिकच दृढ झाला.

१९४१ साली नील मिलर व जॉन डोलार्ड यांनी अनुकरणास पुन्हा अभ्यासविषयात स्थान दिले, परंतु ते याच चौकटीत. त्यांच्या मते अनुकरण करणाऱ्याला बक्षीस मिळाले, म्हणजे अनुकरणाची सवय जडते. केवळ पाहिले, कृती केली नाही व बक्षीसही मिळाले नाही, अशा वेळी काय घडते, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला.

त्याचे उत्तर अल्बर्ट बँड्युरा यांच्या स्टॅनफर्ड येथील प्रयोगांनी दिले. १९६१ साली त्यांनी डोरोथिया रॉस व शीला रॉस यांच्यासह ७२ मुलांवर प्रयोग केला. हवा भरलेल्या बाहुल्याला मारणारी प्रौढ व्यक्ती ज्यांनी पाहिली होती, त्या मुलांनी तेच हावभाव व तेच शब्द पुढे वापरले. परंतु निर्णायक ठरला तो १९६५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. त्यात ६६ मुलांना असेच दृश्य चित्रपटातून दाखविण्यात आले. काहींनी मारणाऱ्यास बक्षीस मिळताना पाहिले, काहींनी शिक्षा होताना, तर काहींनी यांपैकी काहीच घडलेले पाहिले नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी अनुकरण कमी केले. यानंतर, जे पाहिले ते करून दाखविल्यास बक्षीस देऊ, असे सर्वांना सांगण्यात आले. तेव्हा तिन्ही गटांतील फरक नाहीसा झाला.

सर्वांनी सारखेच आत्मसात केले होते; भेद होता तो आचरणात. अध्ययन आणि आचरण यांतील हा भेद ध्यानी घेतला, म्हणजे पूर्वीच्या संशोधनातील अडचण उलगडते : जे कृतीत उतरले नाही, ते शिकलेच गेले नाही, असे त्यात धरून चालले जात होते.

या प्रयोगांच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. मुले एका विद्यापीठाच्या शिशुशाळेतील होती, आणि बाहुल्याला मारणे म्हणजे माणसाला मारणे नव्हे. चित्रपटातील हिंसेमुळे समाजात हिंसा किती वाढते, याचा निर्णय त्यांवरून करता येणार नाही. तथापि शिक्षणाचा विचार करणाऱ्यास त्यांतून एक गंभीर सूचना मिळते. शिक्षेने वर्तन थांबले, एवढ्यावरून ते विसरले गेले असे ठरत नाही. अनुकूल प्रसंग येताच ते प्रकट होऊ शकते.