वर्ग एक, काम एक; वेतने मात्र तीन
सरकारी व अनुदानित शाळांतील शिक्षकांच्या पगाराचे वास्तव

- विशेष प्रतिनिधी

'मास्तरांना काय कमी पगार आहे?' हा प्रश्न शहरी मध्यमवर्गाच्या गप्पांत हमखास ऐकू येतो. 'आम्हाला वेठबिगारासारखे राबविले जाते' ही तक्रार शिक्षकांच्या मोर्चांत तितक्याच हमखासपणे ऐकू येते. ही दोन्ही विधाने परस्परविरोधी वाटली, तरी महाराष्ट्रात दोन्ही खरी आहेत. याचे कारण असे की, एकाच शाळेत, एकाच इयत्तेला, एकच विषय शिकविणाऱ्या शिक्षकांना मिळणारा मोबदला एकसारखा नाही. तो त्यांच्या नेमणुकीच्या तारखेवर आणि तुकडीच्या अनुदानावर ठरतो.

वेतन ठरते कसे?

जिल्हा परिषद व महापालिकांच्या शाळांतील शिक्षकांना राज्याने निश्चित केलेली वेतनश्रेणी मिळते. खासगी अनुदानित शाळांनाही महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालील १९८१ च्या नियमावलीनुसार शासकीय श्रेणी बंधनकारक आहे. राज्यात २०१९ मध्ये लागू झालेल्या सातव्या वेतन आयोगानुसार प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून, तर प्रशिक्षित पदवीधर माध्यमिक शिक्षकाचे ३८,६०० रुपयांपासून सुरू होते. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि दरवर्षी तीन टक्के वेतनवाढ मिळते. बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनंतर, अटी पूर्ण केल्यास, निवड श्रेणीचा मार्ग खुला होतो.

१ जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता ५० टक्के झाला. त्या दराने नव्या प्राथमिक शिक्षकाचे वेतन घरभाडे भत्ता न धरताही ४३,८०० रुपये होते. पंचवीस वर्षे सेवा झालेल्या शिक्षकाचा पगार अर्थातच याहून पुष्कळ अधिक असतो. सर्वसामान्यांच्या चर्चेत 'शिक्षकांचा पगार' म्हणून येतो तो हाच.

तीन वर्षांचे मानधन

या श्रेणीच्या दारात मात्र एक उंबरठा आहे. राज्याने २००० मध्ये शिक्षण सेवक योजना आणली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे ठोक मानधनावर काम करायचे आणि ती समाधानकारक पार पडल्यावर त्याला वेतनश्रेणी मिळायची, असे तिचे स्वरूप आहे. प्रारंभी प्राथमिक शिक्षण सेवकाचे मानधन दरमहा ३ हजार रुपये होते. पुढे ते प्राथमिकसाठी ६ हजार, माध्यमिकसाठी ८ हजार आणि उच्च माध्यमिकसाठी ९ हजार झाले व सुमारे दशकभर तेथेच राहिले. २०२३ मध्ये ही रक्कम अनुक्रमे १६, १८ व २० हजार करण्यात आली.

वाढ मोठी असली, तरी अंतर मिटलेले नाही. १६ हजार म्हणजे प्राथमिक श्रेणीच्या मूळ वेतनाच्या सुमारे ५५ टक्के, तर १८ हजार म्हणजे माध्यमिक श्रेणीच्या मूळ वेतनाच्या निम्म्याहूनही कमी. मानधन ठोक असल्याने महागाई भत्ता नाही आणि वार्षिक वेतनवाढही नाही. पात्रतेत मात्र कोणतीही सूट नाही. पदविका वा पदवी, शिक्षक पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी आणि 'पवित्र' पोर्टलवरील निवड इतके टप्पे पार केल्यानंतरच ही नेमणूक मिळते. कित्येकांची नेमणूक घरापासून शेकडो किलोमीटर दूरच्या जिल्ह्यात होते. मग खोलीभाडे आणि प्रवास याच मानधनातून भागवावा लागतो.

'टप्पा' अनुदानाची वाट

तिसरा गट अंशतः अनुदानित शाळांचा आहे. या शाळांना परवानगी मिळाली ती 'कायम विनाअनुदान' तत्त्वावर. २००९ मध्ये त्यातील 'कायम' हा शब्द वगळण्यात आला आणि २०१६ मध्ये पात्र शाळांना २० टक्के अनुदान देण्याचा निर्णय झाला. त्यानंतर २० टक्क्यांच्या टप्प्यांनी ते वाढत आले. कागदोपत्री उर्वरित वेतन संस्थेने द्यायचे असते. प्रत्यक्षात बऱ्याच संस्थांकडे तेवढे उत्पन्न नसते आणि शिक्षकाच्या हाती केवळ अनुदानाचा वाटा पडतो. ३८,६०० रुपयांच्या मूळ वेतनाचे २० टक्के म्हणजे ७,७२० रुपये! वाढीव टप्प्याच्या निधीसाठी हे शिक्षक जुलै २०२५ मध्येही मुंबईच्या आझाद मैदानावर उतरले होते.

निवृत्तीनंतरची दरी

१ नोव्हेंबर २००५ ही तारीख सेवेतील आणखी एक सीमारेषा ठरली. त्या दिवशी वा त्यानंतर रुजू झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाकारून अंशदान योजना लागू करण्यात आली. मार्च २०२३ मधील सात दिवसांच्या संपात शिक्षक मोठ्या संख्येने उतरले ते याच मागणीसाठी. २०२४ मध्ये राज्याने सुधारित योजनेचा पर्याय जाहीर केला.

न्याय्य म्हणजे किती?

युनेस्को व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६६ च्या शिफारशीने यासाठी एक मोजपट्टी दिली आहे. समान पात्रता लागणाऱ्या अन्य व्यवसायांशी शिक्षकाचे वेतन तुल्य असावे आणि त्यातून कुटुंबाचा निर्वाह नीट व्हावा, असे ती सांगते. कामाचे मोजमाप शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये आहे. त्यानुसार प्राथमिक स्तरावर वर्षाला किमान २००, तर उच्च प्राथमिक स्तरावर २२० दिवस आणि तयारीसह आठवड्याला ४५ तास काम अपेक्षित आहे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक कामे देण्यास कायद्याची मनाई आहे. याच कायद्याने शिक्षकाला खासगी शिकवणीही वर्ज्य केली आहे. म्हणजे पूरक उत्पन्नाचा स्वाभाविक मार्ग बंद करून त्याला मानधनावर ठेवले जाते.

न्यायालयांचा कौलही एकमुखी नाही. सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या जगजितसिंग प्रकरणात २०१६ मध्ये अस्थायी कर्मचाऱ्यांनाही 'समान कामाला समान वेतन' हे तत्त्व लागू केले. मात्र २०१९ मध्ये बिहारमधील नियोजित शिक्षकांची तशीच मागणी याच न्यायालयाने अमान्य केली. त्यांचा संवर्ग वेगळा आहे आणि राज्यावरील आर्थिक भारही विचारात घ्यावा लागेल, असा तो निकाल होता.

तिजोरीचा प्रश्न खोटा नाही. शालेय शिक्षणाच्या तरतुदीचा मोठा हिस्सा वेतनावरच खर्च होतो. शिक्षकाचा पगार त्याच्या वर्गातील मुलांच्या प्रगतीशी जोडावा, हा आग्रहही समजण्यासारखा आहे. परंतु आजची विषमता गुणवत्तेवर आधारलेली नाही. उत्तम शिकविणारा शिक्षण सेवक तीन वर्षे मानधनावरच राहतो आणि निष्काळजी शिक्षकालाही वेतनवाढ मिळते. त्यामुळे पूर्ण श्रेणीतील शिक्षकाचा पगार जास्त की कमी, यावर वाद घालण्यात फारसे हशील नाही. सर्वाधिक उमेदीच्या वर्षांतील शिक्षकाला सर्वांत कमी मोबदला का, या प्रश्नाचे उत्तर आधी शासनाला द्यावे लागेल. कारण त्या तीन वर्षांत समोर बसलेल्या मुलांचा अभ्यासक्रम काही कमी होत नाही.